मसूर स्टेशनवरचा तो चेहरा : किळस जन्मजात नसते, शिकवलेली असते



आमच्या विलेपार्ल्यात गावाहून पाहुणा आला की पहिल्या रात्री तो हमखास दचकून उठतो. डोक्यावरून विमान जाते, छपराचा पत्रा थरथरतो, आणि पाहुणा अंथरुणात उठून बसतो. "काय पडलं हो?" म्हणून विचारतो. घरातली पोरे मात्र कूससुद्धा बदलत नाहीत. विमान तेच, आवाज तोच, कानही सारखेच. मग एकाला तो आवाज भूकंपासारखा वाटावा आणि दुसऱ्याला ऐकूही येऊ नये, असे का?

या साध्या प्रश्नामागे एक फार मोठा प्रश्न दडलेला आहे. माणसाला माणसाची किळस का येते? शिवाशीव पाळणाऱ्याच्या शरीरात नेमके काय घडते? ते निसर्गाने दिलेले असते की समाजाने शिकवलेले? आणि शिकवलेले असेल तर ते पुसता येते का? मी डॉक्टर नाही, साधा कारकून आहे. परंतु हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. आपल्या तीन-चार पिढ्यांनी तो अंगावर सोसला आहे. म्हणून जे वाचले, समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

कान ऐकतात, अर्थ मेंदू लावतो

आपल्या डोक्यात सुमारे सव्वा ते दीड किलो वजनाचा मेंदू आहे. त्यात अंदाजे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण खर्च मात्र एकूण शक्तीच्या वीस टक्क्यांच्या घरात. जमाखर्च पाहिला तर घरातला सर्वांत खर्चिक सभासद हाच! म्हणूनच तो काटकसर करतो. जो आवाज रोज येतो आणि ज्याने काही अपाय होत नाही, त्याची दखल घेणे तो सोडून देतो. पाहुण्याच्या मेंदूला हा हिशेब अजून ठाऊक नसतो, म्हणून तो दचकतो.

दचकण्याला विचार लागत नाही. आवाज कानावर पडल्यापासून सेकंदाचा दहावा भाग सरण्याआधीच पापण्या मिटतात, खांदे आक्रसतात. मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, त्याला शास्त्रज्ञ अमिग्डाला म्हणतात. धोक्याची खूण ओळखण्यात त्याचा मोठा हात असतो. त्याने इशारा दिला की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन नावाचा स्राव रक्तात सोडतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हाताला घाम सुटतो. "अरे, हे तर विमान!" हे आपल्याला कळते ते नंतर. आधी शरीर वागते आणि मागून मन त्याला कारण शोधते, हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

बिस्किटांचा वास

पार्ल्यातल्या जुन्या लोकांना आणखी एक अनुभव आहे. पूर्वेला पार्ले बिस्किटांचा कारखाना होता. १९२९ साली सुरू झालेला हा कारखाना २०१६ साली बंद पडला. तोपर्यंत लोकल पार्ल्याजवळ आली की डब्यात भाजत्या बिस्किटांचा गोड वास शिरायचा आणि तोंडाला पाणी सुटायचे. बिस्किट समोर नाही, खिशात पैसा नाही, तरी जीभ ओली! आजही कुठल्या बेकरीपुढून जाताना तो वास आला की आमच्या पिढीला शाळेचे दिवस आठवतात.

असे का होते, हे इव्हान पावलोव या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्याला १९०४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. कुत्र्याला अन्न देण्यापूर्वी दर वेळी एक ठरावीक आवाज करायचा. काही दिवसांनी अन्न नसले तरी नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटू लागली. आवाजात अन्नाचा कणही नव्हता. परंतु मज्जासंस्थेने दोन गोष्टींची गाठ बांधून टाकली होती.

गोड वासाची आणि लाळेची गाठ बांधली जाते, तशीच एखाद्या शब्दाची आणि किळसेचीही बांधली जाते. तो शब्द जातीचाही असू शकतो. याचा पुरावा आपल्या बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे.

मसूर स्टेशन, १९०१

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. त्यातली पहिली आठवण १९०१ सालची आहे. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. आई हयात नव्हती, साताऱ्याच्या घरी आत्या होती. वडील रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावी (आपल्या मुंबईचे गोरेगाव नव्हे) खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांना भेटायला भीमराव, त्यांचे मोठे बंधू आणि थोरल्या बहिणीची दोन मुले अशी चौघे पोरे आगगाडीने निघाली. अंगात नवे सदरे, डोक्याला भरजरी टोप्या, पायांत नवे जोडे, नेसायला रेशीमकाठी धोतरे. पोरांच्या आनंदाला सीमा नव्हती.

मसूर स्टेशनवर ती उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. दिवस कलायला लागला, फलाट रिकामा झाला. स्टेशनमास्तर जवळ आला. पोरांचे कपडे आणि बोलणे पाहून त्याला ती ब्राह्मणाची मुले वाटली. त्यांची अडचण ऐकून त्याचे मन कळवळले. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? छोट्या भीमरावाने काहीही आडपडदा न ठेवता सांगून टाकले, आम्ही महार.

त्या एका शब्दासरशी स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. त्याला जणू शिसारी आली. तो पाठ फिरवून आपल्या खोलीत निघून गेला आणि मुले तिथेच उभी राहिली.

वाचकहो, इथे क्षणभर थांबून विचार करा. स्टेशनमास्तरच्या डोळ्यांपुढचे चित्र बदलले होते काय? तीच चार पोरे, तेच कपडे, तेच निरागस चेहरे. नाकाला कुठला वास आला नव्हता, हाताला कसला स्पर्श झाला नव्हता. कानावर फक्त एक शब्द पडला होता. काही क्षणांपूर्वी ज्या शरीरात करुणा उपजली, त्याच शरीरात किळस उपजली. म्हणजे ती किळस मुलांच्या अंगात नव्हती, स्टेशनमास्तरच्या मज्जासंस्थेत होती. अस्पृश्यता कुठे राहते, याचे इतके चोख उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेने दिले नसेल.

पुढची हकीकतही बोलकी आहे. तोच मास्तर काही वेळाने परत आला. महाराची मुले गाडीत बसवायला एकही गाडीवान तयार होईना, तेव्हा त्याने तोड काढली. दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे! अशी ती पोरे रात्रीच्या अंधारात निघाली. शिदोरी सोबत होती, पण प्यायला पाणी मिळाले नाही, म्हणून ती उपाशीच झोपली.

ही किळस येते कुठून?

किळस ही मुळात निसर्गाने दिलेली राखण आहे. कुजके अन्न, घाण पाणी तोंडात जाऊ नये म्हणून जीव मळमळतो. पण कशाची किळस करायची हे बाळ जन्मतः पुरते जाणत नाही. रांगते मूल सापडेल ते तोंडात घालते. माती, चप्पल, केर, त्याला सगळे सारखेच. मग आई "छी!" म्हणते, तोंड वेडेवाकडे करते आणि मूल शिकते.

२००३ साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी मेंदूची छायाचित्रे घेऊन एक गोष्ट दाखवून दिली. दुर्गंध हुंगल्यावर मेंदूचा इन्सुला नावाचा जो भाग जागा होतो, त्यातलाच भाग दुसऱ्याचा किळसवाणा चेहरा नुसता पाहिल्यानेही जागा होतो. याचा अर्थ काय? किळस डोळ्यांवाटे एका माणसातून दुसऱ्यात उतरू शकते. धर्मग्रंथ न वाचलेला, मनुस्मृतीचे नावही न ऐकलेला मुलगा शिवाशीव कशी शिकतो, याचा उलगडा इथे होतो. तो आजीचा चेहरा वाचतो. वरून ओतलेले पाणी, बाजूला ठेवलेला पेला, आखडता घेतलेला हात, हेच त्याचे पाठ्यपुस्तक असते. जात माणसाच्या मनात वसते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. ते मन शरीरात किती खोल मुरते, हे शास्त्र आज दाखवत आहे.

ज्याच्यावर घाव होतो, त्याचे शरीर

आता दुसरी बाजू पाहू. नव्या माणसाशी ओळख होते, गप्पा रंगतात, आणि मग तो सहज विचारतो, "पूर्ण नाव काय तुमचं? आडनाव?" वीस वर्षांची नोकरी झाली, डोक्याचे केस पिकू लागले, तरी हा प्रश्न आला की माझ्या तळहाताला ओल येते. उत्तर देताना आवाज नेहमीसारखाच असतो. मला आता सवय झाली आहे, असे मी लोकांना सांगतोही.

परंतु सवय नेमकी कोणाला झाली? विमानतळांजवळ राहणाऱ्या लोकांवर युरोपात एक अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. झोपलेल्या माणसांचा रक्तदाब रात्रभर मोजला गेला. विमान गेले की झोपमोड न होताही रक्तदाब चढत होता. मनाला ऐकू आले नाही, पण शरीराला ऐकू आले! मला वाटते, अपमानाचेही असेच असावे. आपण म्हणतो सवय झाली. ते मनाचे म्हणणे असते, शरीराची खातेवही वेगळी असते.

२००४ साली २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेऊन दोन शास्त्रज्ञांनी दाखवले, की इतर लोक आपल्याला तोलत आहेत आणि परिस्थिती आपल्या हाती नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की शरीरात कॉर्टिसोल हा ताणाचा स्राव सर्वांत जास्त वाढतो. असा ताण वाढला की मेंदूचा कपाळामागचा, विचार करणारा भाग नीट काम करीनासा होतो. पाठ केलेले ऐन वेळी आठवत नाही.

त्याच २००४ साली कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अभ्यासकांनी जागतिक बँकेसाठी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर न करता बसवले तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामात म्हणण्याजोगा फरक नव्हता. मग सर्वांसमक्ष प्रत्येकाची जात वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुले तीच, कोडी तशीच. बदलले होते फक्त वातावरण. आपल्याला न्यायाने तोलले जाणार नाही, ही धास्ती मुलांच्या कामात उतरली होती.

माता-पित्यांनो, हे वाचून आपल्या घरातल्या मुलाकडे पाहा. रविवारच्या आमच्या अभ्यासवर्गात एक मुलगा होता. विहाराच्या फळ्यावर फटाफट गणिते सोडवायचा, शाळेत मात्र उभा राहिला की गप्प. बाप रात्रपाळी करून यायचा, प्रगतिपुस्तक पाहायचा आणि मारायचा. "घरी येतं ते शाळेत कसं येत नाही?" असे ओरडायचा. त्या बापाला कोण सांगणार, की पोराचे डोके मठ्ठ नाही, त्याची छाती धडधडते आहे! आणि घरी मार बसला की धडधडण्याची आणखी एक जागा वाढते. बापाचाही दोष काढून मी मोकळा होणार नाही. अपुऱ्या झोपेने मेंदूचा लगाम ढिला होतो आणि राग लवकर भडकतो, हेही शास्त्रच सांगते. आम्ही त्या घरी गेलो, बापाशी बोललो, आणि पोराला आधी चार मुलांसमोर, मग दहा मुलांसमोर उभे करीत गेलो. हळूहळू त्याचे तोंड उघडले.

आमच्या घरातला कप

इथवर लिहून मी लेख संपवला असता तर तो अर्धाच राहिला असता. आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगितलीच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या गटारासंबंधी अर्ज लिहायचा होता. एक सफाई कामगार मित्र पाळी संपवून थेट आमच्या घरी आले. ते आपल्या समाजाचे नव्हते, आपल्याइतकेच भोगलेल्या दुसऱ्या समाजाचे होते. अर्ज झाला, चहा झाला, ते गेले. मी कप उचलून मोरीत ठेवले. माझा कप भांड्यांच्या ढिगात, त्यांचा कप जरा बाजूला. मला ते कळलेही नाही. कळले ते माझ्या सात वर्षांच्या मुलीला.

"पप्पा, काकांचा कप तिकडे का ठेवला?"

समोर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. १९५६ साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतलेल्या आजोबांचा मी नातू. व्यासपीठावरून समतेवर भाषणे करणारा कार्यकर्ता. आणि माझ्याच हाताने मसूरच्या स्टेशनमास्तरचे काम केले होते! "उगाच ठेवला" असे म्हणून मी वेळ मारून नेऊ शकलो असतो. पण मुलगी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी तिला म्हणालो, "चूक झाली बाळ." दोन्ही कप एकत्र ठेवले आणि तिच्यासमोरच एकत्र धुतले.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपण धर्म बदलला, नाव बदलले, पण मज्जातंतूंना पडलेल्या गाठी एका दिवसात सुटत नाहीत. पोटजात पाहून सोयरीक जुळवताना, सफाईकाम करणाऱ्याच्या शेजारी बसताना, परप्रांतीय मजुराला पाणी देताना आपलाही हात कुठे आखडतो का, हे ज्याने त्याने पाहावे.

गाठ सुटते, पण सरावाने

पावलोवच्या प्रयोगाचा उत्तरार्ध आशादायक आहे. आवाज करायचा पण अन्न द्यायचे नाही, असे पुन्हा पुन्हा केले तेव्हा कुत्र्याची लाळ सुटायची थांबली. मात्र काही काळ गेल्यावर कधी कधी ती जुनी सवय परत उसळी घेते, हेही आढळले. म्हणजे शिकलेले मावळते, पण ते एकदाच करून भागत नाही. सराव चालू ठेवावा लागतो.

तथागत बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन अशी सहा द्वारे सांगितली. या द्वारांशी विषयाचा स्पर्श झाला की वेदना उपजते, म्हणजे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली संवेदना. वेदनेतून तृष्णा उपजते आणि पुढची साखळी सुरू होते. कानावर "महार" हा शब्द पडणे हा स्पर्श, अंगात शिसारी येणे ही वेदना. ती येण्याआधी अडवणे कदाचित हाती नसेल. पण शिसारी आल्यावर पाठ फिरवायची की पाण्याचा तांब्या पुढे करायचा, हे मात्र माणसाच्या हाती असते. आनापानसती म्हणजे श्वासाकडे सावधपणे पाहणे, याचा उपयोग इथेच होतो. श्वास संथ झाला, उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते आणि विचाराला सवड मिळते. पोराला मारायला हात उचलण्यापूर्वी दहा संथ श्वास घेऊन पाहा. त्याला पैसा लागत नाही.

मात्र यातून दोन चुकीचे अर्थ कोणी काढू नयेत. पहिला, "मेंदूनेच केले, माझा काय दोष?" बुद्धांनी कर्मात हेतूला महत्त्व दिले आहे, तेव्हा वेदनेचा आडोसा घेऊन वागण्याची जबाबदारी टाळता येत नाही. म्हणूनच संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. मनातली किळस कायद्याला दिसत नाही, पण किळसेने उचललेला हात त्याने धरलाच पाहिजे. दुसरा चुकीचा अर्थ असा, की ज्याच्यावर अन्याय होतो त्याने डोळे मिटून श्वास पाहावा आणि गप्प बसावे. छे! धाप लागलेल्याने श्वास सावरायचा तो लढण्यासाठी. रोग अपमान करणाऱ्यात आहे, औषध त्यालाच दिले पाहिजे.

ते औषध कोणते? गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले, की दोन समाज बरोबरीच्या नात्याने, एका ध्येयासाठी, कायद्याच्या वा संस्थेच्या पाठबळाने एकत्र आले तर पूर्वग्रह कमी होतात. मालक आणि मोलकरीण रोज भेटतात, त्याने पूर्वग्रह जात नाही. नाते बरोबरीचे हवे. बाबासाहेबांनी तर त्याच्याही आधी, १९३६ साली, नुसत्या सहभोजनावर न थांबता आंतरजातीय विवाहाचा आग्रह धरला आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरची श्रद्धाच उखडायला सांगितले.

आपण आपल्या घरापासून सुरुवात करू या. पोरे आपले भाषण ऐकत नाहीत, आपला चेहरा पाहतात. मसूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या त्या चार लेकरांना पाणी मिळाले नाही. आपल्या दारी कोणीही येवो, त्याचा पेला आपल्या पेल्यांतच असू द्या. आपल्या मुलांच्या मज्जातंतूंना हीच गाठ पडू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!